या वेळी दहा येणार नाही

शोभा, तुझी बॅच माझ्याकडे आली. बारावी सायन्सची, शुक्रवारची. हॉस्पिटलमधून फोन करकरून "त्यांचं टायट्रेशन राहून गेलं गं" म्हणत होतीस ना, तीच. शोकसभा संपल्यावर चहाचा कप हातात असतानाच प्राचार्यांनी मला सांगितलं, "परांजपे मॅडम, राऊत मॅडमची बॅच आता तुम्हीच संपवून टाका." घ्या नाही, शिकवा नाही, संपवून टाका. मी बरं म्हटलं, कारण समोर तुझा फोटो होता, त्याला हार घातलेला होता आणि तिथे मला भांडायचं नव्हतं. भांडण नंतर झालं. ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

शोकसभेत सगळे चांगलंच बोलले. तू मनमिळाऊ होतीस म्हणे. इंग्रजीचे सर म्हणाले, राऊत मॅडम आमच्यात दुधात साखर विरघळावी तशा विरघळून गेल्या होत्या. मला तिथल्या तिथे हसू फुटलं आणि ते लपवायला पदर तोंडाला लावावा लागला. बाजूच्या बाईंना वाटलं मी रडतेय, त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. तू असतीस तर हात वर करून विचारलं असतंस, "सर, दूध गरम होतं का थंड?" विरघळून गेली असतीस तर तुला एवढे मेमो कशाला मिळाले असते? मग हसता हसता खरंच रडू आलं. त्यामुळे पाठीवरचा हात अगदीच वाया गेला नाही.

तू यवतमाळहून आलीस तेव्हा हडपसरला आपल्या कॉलेजमागे अजून उसाची शेतं होती. तुझ्या मिस्टरांना इथल्या कारखान्यात नोकरी लागली होती. मी नारायण पेठेतून दोन बस बदलून यायचे आणि आल्या आल्या बसवाल्यांचा उद्धार करायचे. पहिल्याच आठवड्यात तू मला विचारलंस, "काहून एवढ्या चिडून राहिल्या मॅडम? कॉलेज तं चांगलं आहे." मी म्हटलं, "कॉलेज चांगलंच आहे, फक्त ते पुण्यात नाही." हे माझं वाक्य तू आयुष्यभर सगळ्यांना ऐकवलंस. पुढे उसाच्या जागी काचेच्या इमारती आल्या, नदीपलीकडे खराडीला त्याहून उंच आल्या, आणि आपल्या कॉलेजच्या दारात गाड्या लावायला जागा उरेना. तेव्हा तू मुद्दाम माझ्या टेबलापाशी येऊन विचारायचीस, "माधुरी, आता आलं का गं आपलं कॉलेज पुण्यात?"

आपली खरी ओळख झाली ती साखरांब्यावरून. मी वर्षाच्या साखरांब्याची बरणी स्टाफरूममध्ये आणली होती. तळाशी साखरेचे खडे धरले होते, पण त्याबद्दल बोलायचं नाही एवढी रीत आमच्याकडे सगळ्यांना कळते. सगळ्यांनी वा वा म्हणून पोळीला लावून खाल्ला. तू चमच्याने तळ खरवडलास, एक खडा खिडकीच्या उजेडात धरलास आणि म्हणालीस, "पाक जास्त आटला मॅडम. गरम होता तेव्हा एवढी साखर मावली. गार झाल्यावर कशी मावंल? बाहेर पडली." सगळ्यांसमोर! रसायनशास्त्राची एम.एस्सी. मी, आणि मलाच माझ्या बरणीवरून संपृक्त द्रावणाचा धडा. मी म्हटलं, "राऊत मॅडम, आमच्याकडे साखरांबा खातात, त्याची तोंडी परीक्षा घेत नाहीत." आणि पुढे कितीतरी दिवस तुझ्याशी कामापुरतं बोलले.

पुढच्या मे महिन्यात तू पिशवीभर लिंबं घेऊन न बोलावता माझ्या घरी आलीस. पायऱ्या चढून दम लागला होता तरी पाणी न पिता थेट ओट्यापाशी उभी राहिलीस. पाकात वेळेवर लिंबू पिळलं तर साखर पुन्हा खडे धरत नाही, हे मलाही पुस्तकातून ठाऊक होतंच, पण पुस्तक आणि माझी कढई यांची भेट कधी झाली नव्हती. त्या वर्षीची बरणी शेवटपर्यंत काचेसारखी राहिली. त्याच दुपारी आपलं "तुम्ही" गळालं. "तू" आधी कोण म्हणालं ते आठवत नाही. बहुधा मीच म्हणाले असेन, कारण पाक उतू जायला लागल्यावर "अगं, गॅस बंद कर" एवढंच तोंडातून निघतं, "अहो" म्हणायला तेवढा वेळ नसतो.

अकरावीच्या पहिल्या प्रॅक्टिकलला तू व्याख्या सांगायचीच नाहीस. प्रत्येकाच्या हातात एक परीक्षानळी, तिच्यात थोडं पाणी, आणि टेबलावर मिठाचं भांडं. "टाका. हलवा. विरघळलं? अजून टाका." मुलांना मजा वाटायची. मग एक वेळ अशी यायची की कितीही हलवलं तरी मीठ तळाशी बसून राहायचं. कुणीतरी रडकुंडीला येऊन म्हणायचं, "मॅडम, माझं बिघडलं." तू म्हणायचीस, "बिघडलं नाही रे बाप्पा, पाण्यानं पुरे म्हटलं." आणि मग वळून फळ्यावर लिहायचीस, संपृक्त द्रावण, आणि त्याच्या खाली तोच शब्द इंग्रजीत, कारण पेपर इंग्रजीत लिहायचा होता. तुझ्या वर्गातली निम्मी मुलं दहावीपर्यंत मराठीतच सगळं शिकलेली. ती मुलं त्या दोन शब्दांकडे बघत बसायची, मग हातातल्या नळीकडे बघायची, आणि त्यांचा चेहरा सैल व्हायचा.

मी शेजारच्या टेबलावरून बोलल्याशिवाय राहायचे नाही. "मीठ किती ग्रॅम? पाणी किती? तापमान किती? हे कोण लिहिणार?" तू शांतपणे म्हणायचीस, "तू." आणि खरंच, पुढचं प्रॅक्टिकल माझं असायचं. तेच मीठ, तेच पाणी, पण आता तराजू आणि थर्मामीटर घेऊन. मग पाणी गरम करून पुन्हा तेच. तू दाखवायचं आणि मी मोजायचं, असं कुणी ठरवलं नव्हतं, पण चालायचं तसंच.

एका बाबतीत आपण दोघी मुलांवर सारख्याच ओरडायचो. एक लिटर द्रावण करा म्हटलं की दरवर्षी अर्धा वर्ग एक लिटर पाणी मोजून घ्यायचा आणि त्यात पदार्थ टाकायचा. अरे, पदार्थ आधी थोड्या पाण्यात विरघळवा आणि मग फ्लास्कच्या खुणेपर्यंत पाणी भरा! संहती म्हणजे किती द्रावणात किती पदार्थ, पाण्यात किती नव्हे. हे सांगून सांगून जुलै महिन्यात आपल्या दोघींचे घसे बसलेले असायचे.

आपलं न संपलेलं भांडण होतं ते तीन रीडिंगांचं. तुला टायट्रेशन समजावून सांगणं म्हणजे हद्दच झाली, पण उद्या हे दुसऱ्या कुणी वाचलं तर त्यांच्यासाठी सांगते. ब्युरेट म्हणजे उभी, आखलेली काचेची नळी. तिच्यात परमँगनेटचं जांभळं द्रावण भरायचं. खाली फ्लास्कमध्ये मोजून घेतलेलं, गरम केलेलं ऑक्झॅलिक आम्ल. वरून थेंब थेंब सोडायचं. जांभळा रंग पडतो आणि जातो, पडतो आणि जातो. ज्या थेंबानंतर फिका गुलाबी रंग टिकून राहतो तिथे थांबायचं आणि किती मिलिलिटर लागलं ते वाचायचं. त्यावरून संहती काढायची. असं तीनदा करायचं, आणि तिन्ही रीडिंगं जुळली पाहिजेत.

मी जुळेपर्यंत सोडायचे नाही. माझ्या बॅचची मुलं संध्याकाळपर्यंत उभी असायची. तू म्हणायचीस, "आधी खरं, मग बरोबर. तुझ्या धाकानं पोरं तिसरं रीडिंग मनानंच लिहून टाकतील." मी म्हणायचे, "खरं आणि गचाळ यात फरक असतो. एकदा नऊ, एकदा साडेदहा, एकदा अकरा, याला प्रामाणिकपणा म्हणत नाहीत, नळ नीट बंद करता येत नाही म्हणतात." तू म्हणायचीस, "नळ बंद करायला शिकतील नं हळूहळू." मी म्हणायचे, "परीक्षा हळूहळू येत नाही." हे भांडण डबा खाताना, पेपर तपासताना, तुझ्या मुलीच्या लग्नात पंगतीत बसूनसुद्धा झालं. मला अजून वाटतं की माझंच बरोबर होतं. तू गेलीस म्हणून मी माझं म्हणणं मागे घेणार नाही, आणि घेतलं असतं तर तुला ते मुळीच आवडलं नसतं.

त्या बोर्डाच्या प्रॅक्टिकल परीक्षेबद्दल शोकसभेत कुणी चकार शब्द काढला नाही, म्हणून इथे लिहिते. परमँगनेटचं द्रावण त्या दिवशी तूच केलं होतंस. घरी पाहुणे, घाई, आणि एक लिटरचा फ्लास्क सापडेना. पदार्थ तोललास एक लिटरचा आणि खुणेपर्यंत पाणी भरलंस दोन लिटरच्या फ्लास्कमध्ये. द्रावण निम्म्या संहतीचं झालं. दिसायला तितकंच जांभळं, कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. जिथे दहा मिलिलिटर लागायचं तिथे आता वीस लागणार होतं.

परीक्षा सुरू झाली. तोवर मुलांमध्ये बाहेरच्या क्लासवाल्यांची पद्धत पुरती रुळली होती. आपल्याकडे दहा येतं, हे त्यांना पाठच असायचं. सगळा हॉल ब्युरेट सोडत होता. दहा आलं, गुलाबी रंग काही आला नाही, आणि मुलांनी काय केलं? नळ बंद करून दहा लिहिलं. तीनदा दहा, दहा, दहा. फक्त तुझ्या बॅचमधली प्राजक्ता हात वर करून म्हणाली, "मॅडम, दहाला रंग येतच नाहीये." तू म्हणालीस, "मग पुढे जा." ती पुढे गेली. तिच्यामागे तुझी सगळी बॅच गेली. विसाला गुलाबी झालं.

बाहेरून आलेले परीक्षक चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, बाकी सगळ्यांचं दहा आणि तुमच्याच मुलांचं वीस, हे कसं?" मी त्या हॉलमध्ये पर्यवेक्षक म्हणून उभी होते, म्हणून सांगते, तुझा चेहरा आधी पांढरा पडला. तू कपाट उघडून फ्लास्क पाहिलास. मग वळून सगळ्यांदेखत म्हणालीस, "चूक माझी आहे. द्रावण मी पातळ केलं. माझ्या पोरांचं बरोबर आहे." ते म्हणाले, "मग बाकीच्यांचं?" तू म्हणालीस, "बाकीच्यांनी केलंच नाही. त्यांना डोळ्यांनी दिसत होतं नं, रंग आला नाही म्हणून. तरी दहा लिहिलं."  एवढ्या मोठ्या माणसाने आपली चूक अशी मोकळ्या आवाजात सांगितलेली त्या मुलांनी पहिल्यांदाच ऐकली असावी.

मग प्राचार्यांच्या खोलीत दार लावून बैठक झाली. कुणाचेही मार्क कापायचे नाहीत आणि कागदावर काहीही घ्यायचं नाही, असं ठरलं. ज्यांनी केलं त्यांना आणि ज्यांनी नाही केलं त्यांना सारखेच मार्क. तुला मेमो मिळाला, निष्काळजीपणाबद्दल. तो तू निमूट घेतलास, कारण निष्काळजीपणा झालाच होता. पण नंतर गेटपाशी रिक्षाची वाट बघताना तू जी चिडलीस तशी मी तुला कधी पाहिली नाही. "सारखेच मार्क! म्हणजे उद्या प्राजक्तानं काहून पुढे जावं? सांग नं मले."  मी एवढंच म्हटलं, "चल, रिक्षा आली." पुढची काही वर्षं तुला परीक्षेच्या कामापासून बाजूला ठेवलं. तू प्रत्येक बॅचला ही गोष्ट सांगायचीस, आणि स्वतःच्या चुकीपासूनच सुरुवात करायचीस.

प्राजक्ता तुझ्या शोकसभेला आली होती. खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, टेस्टिंगमध्ये. ऑफिसचं कार्ड गळ्यातच होतं, काढायला विसरली असावी. मी विचारलं, "केमिस्ट्री लागते का गं काही तिथे?" ती म्हणाली, "छे, अजिबात नाही मॅडम. पण तिथेही टेस्ट रन न करता पास लिहिणारे असतात. मी लिहीत नाही, म्हणून टीममध्ये सगळे वैतागतात." मग म्हणाली, "राऊत मॅडमना हे सांगायचं राहून गेलं." तिच्या वतीने मी सांगते आहे. तू रिक्षापाशी विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर आहे की नाही, ते तू ठरव.

आता कॉलेजचं क्लासवाल्यांशी रीतसर टायअप आहे. नाव आपल्याकडे, शिकणं क्लासमध्ये, हजेरी कागदावर. प्रॅक्टिकलच्या जर्नलसाठी क्लासवाले छापील रीडिंगं वाटतात. त्यात टायट्रेशनपुढे दहा, दहा, दहा. तू तुझ्या बॅचला तो कागद लॅबमध्ये आणू द्यायची नाहीस आणि प्रत्येकाला बेसिनपाशी उभं राहून ब्युरेट धुवायला लावायचीस. शेवटी शेवटी तू एकटीच असं करत होतीस. माझ्याकडे अकरावी होती, तिथवर तो कागद पोचला नव्हता, त्यामुळे माझी परीक्षा कुणी घेतली नव्हती.

हॉस्पिटलमध्ये तुला शेवटची भेटले तेव्हा तू सलाइनच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचत होतीस. माझ्याकडे न बघताच म्हणालीस, "शून्य पूर्णांक नऊ टक्के मीठ. काहून नऊच? सांग." मी म्हटलं, "रक्ताशी जुळावं म्हणून. पेशींना त्रास होत नाही." तू म्हणालीस, "आणि समुद्राइतकं खारं दिलं तं?" मी सवयीने फटकन उत्तर दिलं, "मग मरशील," आणि जीभ चावली. तू एवढी हसलीस की नर्स धावत आली. तिला म्हणालीस, "सिस्टर, ही माझी मैत्रीण. हिचं उत्तर नेहमी बरोबर असतं, वेळ तेवढी चुकते." मग डोळे मिटून म्हणालीस, "माझ्या पोरांना ब्युरेट हातात दे, माधुरी." मी "बघू" म्हटलं. हो म्हणायला हवं होतं की नव्हतं, याचा मी आता विचार करत नाही. पण एक सांगायचं राहिलं. तुझ्यामुळे मला कॉलेजात यावंसं वाटायचं. दोन बस बदलून, पावसात, उन्हात, पाय दुखत असताना मी यायचे ते पगारासाठी नव्हे, कुणाशी तरी तिन्ही रीडिंगांवरून भांडायला मिळेल म्हणून यायचे. हे तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू सगळ्या स्टाफरूमला ऐकवलं असतंस, म्हणून सांगितलं नाही.

तर भांडण. सोमवारी प्राचार्यांनी बोलावलं. छापील कागदांचा गठ्ठा टेबलावर होता. म्हणाले, "शुक्रवारी मुलांना हे द्या, जर्नल पूर्ण करून घ्या. मुलांनाही नकोय ते प्रॅक्टिकल. सीईटी तोंडावर आहे." मी म्हटलं, "प्रॅक्टिकल होईल." ते म्हणाले, "मॅडम, कशाला? सगळ्यांचं दहाच येतं."

"या वेळी दहा येणार नाही," मी म्हटलं.

"का?"

"कारण द्रावण मी करणार आहे."

त्यांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "राऊत मॅडमचं काय झालं होतं ते तुम्हाला माहीत आहे. बोर्डाच्या कामावर तुमचंही नाव आहे. रिटायरमेंटला फार दिवस राहिले नाहीत, कशाला वाईटपणा घेता?" मी म्हटलं, "नाव काढायचं तर काढा. फेब्रुवारीपर्यंत बॅच माझी आहे, ती तुम्हीच दिलीत." गठ्ठा मी तिथेच ठेवला. बाहेर आल्यावर मी कठडा धरून जिना उतरले. मी चिडकी आहे, पण शूर नाही, हे तुला सोडून कुणाला माहीत नाही.

शुक्रवारी लवकर गेले. परमँगनेट काढलं आणि तोललंच नाही. चमच्याने घेतलं. फ्लास्क घेतला तो साधा, खूण नसलेला. पाणी ओतलं आणि खुणेकडे बघण्याची सवय लागलेले डोळे मुद्दाम खिडकीकडे वळवले. शोभा, मी! आयुष्यभर मुलांना डोळा खुणेच्या पातळीत आणा म्हणून वाकायला लावणारी मी. खरं सांगते, मजा येत होती. द्रावण जांभळं झालं. त्याची संहती किती ते जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही.

मुलं आली ती कागद घेऊनच आली, मोबाइलवर फोटो काढून. एक जण म्हणाला, "मॅम, रीडिंग्ज आहेत ऑलरेडी, फक्त कॉपी करायचंय. आम्ही लायब्ररीत बसू का?" मी म्हटलं, "त्या रीडिंगांचं द्रावण क्लासमध्ये आहे. इथलं वेगळं आहे. बसायचं असेल तर बसा, पण जर्नलवर सही मी इथल्या रीडिंगांवर करणार." कुरकुर झाली. काही निघून गेले, ते तुला सांगायला हवं. निम्म्याहून जास्त थांबले. मी त्यांना सांगितलं की हे राऊत मॅडमचं राहिलेलं प्रॅक्टिकल आहे, आणि तिन्ही रीडिंगं जुळल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही. प्रॅक्टिकल तुझं, अट माझी. मग मीही एका टेबलावर माझी ब्युरेट भरून त्यांच्यात उभी राहिले.

पहिला थेंब पडला की रंग जरा रेंगाळतो, मग भराभर जायला लागतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. "मॅम, जात नाहीये... गेला, गेला!" असा कल्ला झाला. दहा आलं, रंग नाही. मी बघत होते. नळ बंद करायला दोन-तीन हात वर गेले आणि तिथेच थबकले, कारण सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि कुणाच्याच फ्लास्कमध्ये गुलाबी नव्हतं. मग हात खाली आले.  फक्त थेंबांचा आवाज.

मांजरी गावाहून येणारी कोमल खिडकीजवळच्या टेबलावर होती. तिने फ्लास्क पांढऱ्या कागदावर धरला, पुन्हा हलवला, ब्युरेट वाचली, पुसून पुन्हा वाचली. मग घाबरत माझ्यापाशी आली.

"मॅडम, रंग आला, पण माझं चुकलं व्हय? लईच पुढं गेलंय."

"गुलाबी टिकला का?"

"टिकलाय. अजून हाय तसाच. पण यायला किती पायजे?"

सगळ्या मुलांचे कान माझ्याकडे लागले. माझंही दुसरं रीडिंग अर्ध्यावर होतं आणि नळ माझ्या बोटांत होता.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "तुझं किती आलं?"